चेलोची सरबराई

मुंबईत एनसीपीएमध्ये सिंफनी असली की चेलोवाले नीट दिसतील अशी जागा मी धरतो. व्हायोलिनवाला पेटी काखोटीला मारून सुटसुटीत येतो. चेलोवाला मात्र वाद्य घेऊन येत नाही, वाद्याला घेऊन येतो. थोरल्या आत्याबाईंना कार्याला आणावं तसा. दारातून आधी वाद्य, मग तो. पोटातला पोलादी गज बाहेर ओढायचा, त्याचं टोक फळीत रुतवायचं, जमीन गुळगुळीत असली तर खुर्चीच्या पायाला पट्टा बांधून ते अडकवायचं. एवढं झाल्यावर उरलेल्या जागेत स्वतः मावायचं. या नोकरीत साहेब कोण आणि शिपाई कोण, हे तिथेच कळतं.

प्रवासात तर विचारूच नका. सामानात टाकायची छाती होत नाही, म्हणून साहेबांचं वेगळं तिकीट. साहेब बहुधा खिडकीशी बसतात, पट्टा लावतात, जेवत मात्र नाहीत. एके काळी क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राचे प्रमुख चेलोवादक असलेले लिन हॅरेल चेलोच्या नावावरही माइल्स साठवत. तिकिटाचे पैसे पूर्ण मोजले होते, मग माइल्स का सोडा? २०१२ साली विमान कंपनीने वादक आणि वाद्य, दोघांनाही योजनेतून काढून टाकलं.

आणि साहेबांवरची नजर हटली की संपलंच. २००४ साली लॉस एंजेलिस फिलहार्मॉनिकचा १६८४ सालचा स्ट्रॅडिव्हरी चेलो प्रमुख वादकाच्या ओसरीवरून चोरीला गेला. तो कचऱ्याच्या डब्याजवळ एका नर्सबाईंना सापडला. त्यांचे मित्र सुतारकाम करत. या चेलोची सीडी ठेवायला छान मांडणी होईल, असा बेत घरात शिजत होता. तेवढ्यात बातमी कानावर आली, म्हणून स्ट्रॅडिव्हरी वाचला.

एवढी सरबराई करून वाजवायला काय मिळतं? पाखेलबेलच्या कॅननमध्ये चेलोला आठ स्वर आहेत. तेच आठ, २८ वेळा. वर व्हायोलिनं बागडत असतात, खाली हा बापडा पाढे म्हणतो. शिवाय एका स्टँडवर दोघे बसतात, त्यातल्या आतल्याने पानं उलटायची. ऐन रंगात बाहेरचा वाजवत राहतो. आतला गज थांबवतो, वाकतो, पान उलटतो आणि चालत्या लोकलमध्ये चढावं तसा पुन्हा सुरात शिरतो. माझं अर्धं लक्ष त्या हाताकडेच असतं.

तरी ही माणसं जागा सोडत नाहीत. १८८६ साली रिओमध्ये ऑपेरा कंपनीत ऐनवेळी वाद्यवृंदाच्या संचालकावरून गोंधळ उडाला. चेलो वाजवणाऱ्या १९ वर्षांच्या तोस्कानिनीला पुढे ढकललं, तर त्याने सगळा 'आईदा' पाठ चालवून दाखवला. दुसरा कुणी असता तर पुन्हा वाद्याला हात लावता ना. हा पुढच्याच वर्षी मिलानला, व्हेर्दीच्या 'ओतेल्लो'च्या पहिल्या प्रयोगाला, चेलोवाल्यांत जाऊन बसला. तोही दुसऱ्या खुर्चीवर!

हल्ली ओळखीतले पालक मला विचारतात, "काका, मुलीला चेलोच्या क्लासला घालू का?" मी सुरातालाबद्दल चकार शब्द काढत नाही. इमारतीला लिफ्ट आहे का, एवढंच विचारतो.