फोर बाय फोरच्या एअर फिल्टरची निगा : मालकांसाठी मार्गदर्शन

फोर बाय फोर घेतल्यावर काय करावे, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. टपावर कॅरिअर बसवावे, त्यावर दोन रिकामे जेरीकॅन बांधावेत, बंपरवर पिवळे दिवे लावावेत आणि मागच्या काचेवर डोंगराचे स्टिकर चिकटवावे. गिअरशेजारचा दुसरा दांडा टू-एचवरून हलवण्याची घाई करू नये. वाढदिवसाच्या फोटोपुरता हलवला तरी चालतो. एवढे झाल्यावर पैसे उरलेच तर एअर फिल्टरकडे वळावे. तो काही शे रुपयांत मिळतो आणि बाहेरून दिसत नाही. त्यात आणखी दोष काढण्यासारखे काही नाही.

आधी फिल्टर शोधावा. ग्लोव्ह बॉक्समागे सापडतो तो एसीचा. तो बदलल्याने मालकाच्या शिंका कमी होतात, इंजिनाला त्याचे सोयरसुतक नसते. तरीही अनेक मालक तेवढाच बदलून वर्षभर निश्चिंत राहतात. इंजिनाचा फिल्टर बोनेटखाली, जाड नळी जोडलेल्या काळ्या डब्यात असतो. बोनेट उघडण्याचा खटका कुठे आहे, हे घरच्यांसमोर विचारू नये.

आता थोडा हिशेब. एक लिटर डिझेल जळायला निदान दहा हजार लिटर हवा लागते, म्हणजे उन्हाळ्यात सोसायटीत येतो तो पाण्याचा अख्खा टँकर. थारची टाकी 57 लिटरची. एकदा टाकी फुल केली, की 57 टँकर हवा इंजिनात ओतायची आहे आणि तीही गाडी जिथे असेल तिथली : कोकणातल्या तांबड्या मातीची, मराठवाड्यातल्या फुफाट्याची किंवा पुढच्या उसाच्या ट्रॉलीने उडवलेली. त्या धुळीत सिलिकाचे कण असतात आणि ते साध्या पोलादाहून कठीण असतात. फिल्टर फाटका असेल तर ते आधी टर्बोच्या पात्यांवर आदळतात, आणि टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतो. पुढे सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा घासल्या जातात. मग गाडी ऑइल खायला लागते आणि मालक ऑइलच्या कंपनीला शिव्या देतो.

फिल्टर किती किलोमीटरला बदलावा, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्याच पानावर धुळीच्या भागात लवकर बदलण्याची सूचना असते. ती लडाखवाल्यांसाठी आहे असे समजून मालक पान उलटतो आणि खोदलेल्या रस्त्याने ऑफिसला जातो. शनिवारी दहा गाड्यांचा ताफा मावळातल्या कच्च्या रस्त्यावर उतरतो, तेव्हा पहिली गाडी स्वच्छ हवा खाते आणि दहावी उरलेल्या नऊ जणींची धूळ. दहाव्याने अंतर ठेवावे. पण व्हिडिओत अंतर चांगले दिसत नाही, त्यामुळे त्याने निदान फिल्टर तरी तपासावा.

साफसफाईचे दोन संप्रदाय आहेत. वडापवाला फिल्टर काढून टायरवर दोनदा आपटतो आणि परत बसवतो. आपटण्याने कड वाकते, पण त्याने डबा उघडला, एवढ्यानेच तो आपल्यापेक्षा वरच्या पायरीवर आहे. दुसरा संप्रदाय हवा मारणाऱ्यांचा. गॅरेजच्या कॉम्प्रेसरमध्ये शंभरच्या पुढे पीएसआय असतो. ती तोटी कागदाच्या घडीला टेकवली की भोक पडते आणि फिल्टर एकदम मोकळा श्वास घेऊ लागतो. मारायचीच असेल तर हवा 30 पीएसआयच्या आत, लांबून आणि इंजिनाच्या बाजूने बाहेर अशी मारावी. उलट मारली तर धूळ कागदात आणखी खोल जाते. मग मागून टॉर्च धरावा. टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी फिल्टर टाकून द्यावा. कागदी फिल्टर शाम्पूने धुऊ नये. रोज उघडून पाहण्याचा उत्साहही आवरावा, कारण थोडी धूळ बसलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा जास्त बारीक धूळ अडवतो.

महिंद्रांनी 1947 साली मुंबईत विलिस जीप जोडायला घेतल्या, तेव्हा या भानगडी नव्हत्या. जुन्या जीपना ऑइल बाथ असे : वाटीत खुणेपर्यंत ऑइल, हवा त्यावरून वळायची, धूळ तळाशी चिखल होऊन बसायची. चिखल काढा, वाटी डिझेलने धुवा, नवे ऑइल ओता, संपले. त्या जीपवर डोंगराचे स्टिकर नसे, कारण गाडी बहुधा डोंगरातच असे. त्या आठवणीने हल्लीच्या कागदी फिल्टरला मात्र ऑइल लावू नये.

‘फिल्टर बदलला की ॲव्हरेज किती वाढेल?’ हा प्रश्न येणारच. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये इंधन-इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर हे तपासले. फिल्टर तुंबला तरी ॲव्हरेजमध्ये फारसा फरक नव्हता, पिकअप मात्र पडला होता. या माहितीने आपल्याकडच्या निम्म्या मालकांचा फिल्टरमधला रस संपेल. त्यांनी येथे वाचणे थांबवावे.

उरलेल्यांनी नवा फिल्टर आणावा. डबा उघडून उंदराचे घर नाही ना, हे पाहावे. पावसाळ्यात ओढा ओलांडला असेल तर कागद भिजला आहे का, तेही पाहावे. नळीच्या तोंडात फडके कोंबून डबा ओल्या कपड्याने पुसावा. फडके आठवणीने काढावे. फिल्टरची रबरी कड खाचेत सगळीकडून नीट बसवावी आणि सगळ्या क्लिपा लावाव्यात. ‘चारपैकी तीन लागल्या, बास की’ हे तत्त्व इतरत्र वापरावे. पुढच्या वेळी फिल्टरपलीकडच्या नळीत धूळ दिसली, तर आपण महिनोन् महिने दार उघडे ठेवून कुलूप राखत होतो, असे समजावे.

जुना फिल्टर पाहून मेस्त्री म्हणेल, ‘राहू द्या साहेब, हवा मारून परत चालेल.’ चालेलही, बहुधा दुसऱ्या कुणाच्या गाडीत. त्याच्या हातात देण्याआधी स्क्रू-ड्रायव्हरने मधोमध भोक पाडून द्यावे.