शंभरपैकी चाळीस

लातुरात पोराला नीटमध्ये ७२० पैकी ६८० पडले, तर पेढे आणायच्या आधी बाप विचारतो, "चाळीस कुठं गेले?" मग उत्तरसूची निघते, ओएमआर शीट निघते, एकेक गोळा तपासला जातो. त्याच बापाने महिन्याचे पैसे आगाऊ भरून १०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलेलं असतं आणि रात्री नऊला त्यातले चाळीस घरात पोचतात. उरलेले साठ कुठं गेले, हे विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही. फार तर पोरगा राऊटरचं बटण बंद करून पुन्हा चालू करतो आणि वरच्याचं नाव घेतो. नांदेडात श्यामनगर-बाबानगरच्या गल्ल्यांतही याहून वेगळं काही घडत नाही.

तक्रार केलीच, तर दोन दिवसांनी केबलवाल्याचा पोरगा येतो. दारात चप्पल काढतो, राऊटरपासून हातभर अंतरावर उभा राहतो आणि स्वतःच्याच मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो. वेळ सकाळी अकराची. गल्लीतली पोरं क्लासला, बापे दुकानात. काटा गर्रकन फिरतो आणि ९४ वर थांबतो. "बघा काकू, येऊलालंय की! तुमचाच मोबाइल जुना झालाय." काकू आधी त्याच्या मोबाइलकडे बघतात, मग आपल्या, आणि चहाचं आधण ठेवतात. तिकडे तक्रारीपुढे "निवारण झाले" अशी नोंद पडते.

पंचाईत अशी, की तो खोटं बोललेला नसतो.

ते ९४ म्हणजे खरं तर पैकीच्या पैकी. माहिती तारेतून सुटी जात नाही, पुडक्यांतून जाते, आणि प्रत्येक पुडक्यावर पत्ता, क्रमांक, तपासणीचे आकडे असा सरंजाम चढवावा लागतो. तारेवर १५३८ बाइट्सची जागा अडते तेव्हा त्यात आपला माल असतो १४६० बाइट्स. म्हणून शंभराच्या पोर्टातून चौऱ्याण्णव-पंचाण्णवच्या वर काही निघत नाही. बाकीची हमाली. मोंढ्यात माल घालणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायला नको.

दुसरा घोळ बिट आणि बाइटचा. आठ बिटांचा एक बाइट. कंपनी वेग बिटांत सांगते, डाउनलोडची पट्टी बाइटांत दाखवते. शंभराचं कनेक्शन पूर्ण जोरात असताना पट्टीवर बारा-साडेबाराच दिसतात आणि ग्राहक उगाच हबकतो. अर्थात, कंपन्यांनी आठपट मोठा दिसणारा आकडाच जाहिरातीला का निवडला असावा, यावर संशोधनाची गरज नाही.

खरी गंमत ३०० चा प्लॅन घेणाऱ्यांची. पैसे तिनशेचे, राऊटर जुना, त्याचं पोर्ट शंभराचं. किंवा पोर्ट चांगलं आहे, पण केबलमधल्या आठ तारांपैकी एक दारात चेंगरून तुटलेली. आठही धड असतील तरच हजाराचा वेग जुळतो. एक गेली की गाडी बहुतेकदा मुकाट्याने शंभरावर येते आणि कुठेही लाल दिवा लागत नाही. अशी घरं वर्षानुवर्षं तिनशेचं बिल भरून ९४ वापरतात, वर शेजाऱ्याला सांगतात, "आपलं तिनशेचं हाय."

आता घराच्या आत येऊ. राऊटर कुठे असतो? हॉलच्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे, पोराच्या ट्रॉफ्यांच्या रांगेत. वर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल. आणि ज्याच्यासाठी हे सगळं घेतलं तो पोरगा शांतता हवी म्हणून मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या पलीकडे, ऑनलाइन टेस्ट देत बसलेला. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर इकडच्या माणसाने घर बांधताना लोखंडात हात आखडता घेतलेला नाही, आणि घेऊही नये. पण वायफायच्या लहरींना सळयांची जाळी आणि कपाटाचा पत्रा मानवत नाही. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान खरा, पण दोन भिंतींत दमतो. २.४ चा भिंत ओलांडतो, पण त्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. क्लासेसच्या भागात एकेका इमारतीत चार हॉस्टेलं, मजल्यामजल्यावर राऊटर, आणि सगळ्यांना मिळून रस्ते तीन. राऊटरच्या खोक्यावर ३०० छापलेलं असतं, ते प्रयोगशाळेतलं. एका अँटेनाचा साधा मोबाइल या पट्ट्यात कागदोपत्रीच ७२ वर संपतो; हातात चाळीस-पन्नास पडले तरी नवस फेडावा.

एवढं सगळं ग्राहकाच्या माथी मारून कंपनीवाले मोकळे होतात. म्हणून आता घराबाहेरची तार बघू.

वाटणीचा हिशेब नांदेड-लातूरकरांना कळत नाही, असं कोणाच्या बापाने म्हणू नये. महसूल आयुक्तालय कोणाच्या गावात, यावरून २००९ पासून दोन शहरं एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघतात. २०१७ साली मुंबई-लातूर एक्सप्रेस आठवड्यातले तीन दिवस बिदरपर्यंत नेली तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले होते. डबे तेवढेच, बर्थ तेवढेच, माणसं मात्र पुढच्या गावांचीही, हे गणित त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. ब्रॉडबँडची तार म्हणजे तीच गाडी, फक्त ती रोज रात्री बिदरला जाते. फायबरच्या एका धाग्यातून सुमारे अडीच हजार एमबीपीएस निघतात आणि वाटेत काचेच्या फाट्यावर बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात. चौसष्ट घरांनी एकदमच ओढलं तर वाट्याला चाळीसच्या आत. आणि बहुतेक वेळा तुंबा धाग्यात नसतोच. गावातल्या केबलवाल्याने वरून जेवढी बँडविड्थ विकत घेतली, तिच्या कितीतरी पट घरांना तो ती विकतो. सगळे एकदम वापरत नाहीत, या भरवशावर धंदा चालतो, आणि दिवसा तो भरवसा खराही ठरतो. रात्री आयपीएलची शेवटची षटकं आणि क्लासचं रेकॉर्डेड लेक्चर एकाच वेळी सुरू झालं की भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो.

बरं, हे सगळं चोरून चालतं म्हणावं, तर तसंही नाही. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायनेच २००९ साली घरगुती ब्रॉडबँडला एकास पन्नास इतकी वाटणी चालेल असं सांगून टाकलं. शंभराला पन्नासने भागा. दोन. आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या सुधारली ती कशी? किमान वेग दोन एमबीपीएस! २०१३ पासून ५१२ केबीपीएसलाच ब्रॉडबँड म्हणत होते, त्या मानाने प्रगती झाली म्हणायची. म्हणजे शंभराचे पैसे भरून रात्री दोन आले, तरी व्याख्येप्रमाणे तुम्ही पास. असा उदार परीक्षक लातूरच्या एखाद्या क्लासला मिळाला, तर पालक दुसऱ्या दिवशी फी परत मागतील.

स्पीड टेस्टवरही फार जाऊ नका. ती मुकाट्याने जवळचा सर्व्हर धरते, आणि तो पुष्कळदा कंपनीनेच आपल्या जाळ्यात ठेवलेला असतो. घरच्याच सेंटरवर घरच्याच मास्तरांची परीक्षा. पोराची टेस्ट सिरीज ज्या दूरच्या सर्व्हरवर आहे, तिथपर्यंतची वाट कोणी मोजलेली नसते. शिवाय खांबावरून खांबावर लोंबणारी फायबर, पाइपलाइनसाठी निघालेला जेसीबी आणि वीज गेली की झोपणारा चौकातला स्विच यांची दखल कुठलंही ॲप घेत नाही.

तरीही याच ट्रायच्या २००६ च्या सेवादर्जा नियमांत एक ओळ होती: कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत, घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक मिळाला पाहिजे. शंभरातले ऐंशी. आमच्याकडे ऐंशी टक्केवाला पोरगा नातेवाइकांसमोर यायला लाजतो, पण कनेक्शन ऐंशीचं मिळालं तर आपण सत्यनारायण घालू.

तेव्हा पालकांनो, एकदा रिचेकिंग करा. लॅपटॉप धड केबलने राऊटरला जोडा, घरातले बाकीचे मोबाइल बंद ठेवा आणि ओळीने तीन रात्री नऊला, दोन-तीन वेगवेगळ्या सर्व्हरवर आकडे घ्या. तारेवर ९४ आणि खोलीत चाळीस असतील, तर दोष कपाटाचा; राऊटर शोकेसमधून बाहेर काढा, कंपनीला शिव्या देऊ नका. तारेवरच चाळीस असतील, तर कस्टमर केअरकडून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, पण जिल्हा ग्राहक आयोग नांदेडलाही आहे आणि लातूरलाही. सुदैवाने या एका कार्यालयावरून भांडण नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. फोन मात्र वायफायवरून लावू नका.