तिप्पट व्याजाचे धनी

वाळूजच्या मोठ्या कारखान्याला माल पोचवला म्हणजे पैसे आले असं होत नाही. येतं ते बिल, आणि ते नव्वद दिवस झोपून राहतं. शेडचं भाडं, वीजबिल, प्रेसवरच्या पोरांचे पगार मात्र जागे असतात. मग छोटा उद्योजक ते बिल बँकेत वटवतो. लाखाचं बिल आणि बारा टक्के दर असेल, तर बँक तीन महिन्यांचे तीन हजार आधीच कापून सत्त्याण्णव हजार हातावर ठेवते. व्याज लाखाचं आणि वापरायला सत्त्याण्णव हजार, त्यामुळे बारा म्हणता म्हणता दर 12.37 टक्क्यांवर जातो. व्याज आधी कापणाऱ्या सावकाराला आपण नावं ठेवतो. बँक निदान पावती देते.

बँकेलाच चणचण भासली तर? तिनं तेच बिल रिझर्व्ह बँकेत पुन्हा वटवावं, अशी सोय 1934 च्या कायद्यात आहे. त्या वटावाचा दर म्हणजे बँक रेट. चिंतामणराव देशमुख गव्हर्नर असताना तो 3 टक्क्यांवर निवांत होता. ते अर्थमंत्री झाल्यावर, नोव्हेंबर 1951 मध्ये, साडेतीन झाला. पुढे रेपो दराचा बोलबाला झाला आणि बँक रेट ओसरीवरच्या आजोबांसारखा उरला. 2003 पासून 6 टक्क्यांवरच बसून! फेब्रुवारी 2012 मध्ये मात्र तो एका दमात साडेनऊ झाला.

ही उडी वाळूजला जाणवायला हवी होती. कारण 2006 च्या कायद्यानं लघुउद्योजकाचे पैसे फार तर 45 दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. म्हणजे एका रात्रीत 18 चे साडेअठ्ठावीस टक्के! पण मागतंय कोण? 5 डिसेंबर 2025 ला बँक रेट 5.50 झाला, म्हणजे तिप्पट साडेसोळा. तेही कागदावर मजेत आहेत.

ओळखीच्या एका उद्योजकांना हा हिशेब मांडून दाखवला. त्यांनी चहा संपेपर्यंत नीट ऐकून घेतलं.

"साहेब, कायदा एक नंबर आहे," ते म्हणाले, "पण व्याज मागितलं की पुढची ऑर्डर चिकलठाण्यातल्या दुसऱ्याला."

मग घड्याळ बघून उठले. वटावाचा दर पाव टक्का तरी कमी करा, अशी मॅनेजरांना गळ घालायला त्यांना बँकेत जायचं होतं.