आधी एक अंक छापा

कला आणि डिझाइन शिकवणाऱ्या महाविद्यालयांकडे माझी एकच मागणी आहे. पुढचा आंतरशाखीय महोत्सव भरवण्याआधी चौसष्ट पानांचा एक अंक छापा. चित्रकला, शिल्पकला, उपयोजित कला, वास्तुकला, मातीकाम, जेवढे विभाग आवारात असतील तेवढ्यांनी मिळून छापा आणि विकायला ठेवा. मग हवा तेवढा मोठा मंडप घाला.

कारण मंडपात कुणी कुणाला भेटत नाही. दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं, पाहुणे कला आणि विज्ञानाच्या नात्यावर बोलतात, त्यांना गाडी गाठायची असते म्हणून प्रश्नोत्तरं राहून जातात. वास्तुकलेची मुलं एका रांगेत, चित्रकलेची दुसऱ्या. जेवणाच्या वेळीही घोळके तेच. पुढे निबंधांचा संग्रह निघतो, त्याला आयएसबीएन क्रमांक मिळतो, प्राध्यापकांच्या बढतीच्या गुणांत भर पडते आणि गठ्ठा तपासणी समिती येईपर्यंत कपाटात राहतो. त्या संग्रहाची मांडणीसुद्धा अनेकदा बाहेरच्या डीटीपीवाल्याकडून करून घेतलेली असते. मांडणी शिकायला आलेली मुलं तेव्हा स्वयंसेवकाचा बिल्ला लावून पाण्याच्या बाटल्या वाटत असतात. याचा मला राग येतो. मुलांची चार-पाच वर्षंच असतात. त्यातले दिवस असे वाया घालवायचा हक्क कुणालाही नाही.

अंक हातात घेतला की विभागांचं एकमेकांवाचून चालत नाही. सोळा पानांचा फॉर्मा घ्या. छापायच्या मोठ्या कागदावर पानं वाचनाच्या क्रमाने येत नाहीत. घडीच्या एका बाजूला पहिलं पान, तर दुसऱ्या बाजूला सोळावं. चौथ्याला तेरावं, आठव्याला नववं. जोडीची बेरीज दर वेळी सतरा. हा हिशेब वास्तुकलेच्या मुलांना पटकन उमगतो, कारण सपाट कागदात उभी वस्तू बघायची त्यांना सवय असते. चित्रकलेच्या मुलीने दोन पानांवर पसरलेलं चित्र दिलेलं असतं आणि त्यातला चेहरा नेमका शिलाईत जातो. ती तो अर्धा इंच सरकवते, तर सगळी रचनाच नव्याने बांधावी लागते. उपयोजित कलेचा मुलगा ओळींमधलं अंतर कमी करून दोन पानं वाचवायला जातो, तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारावर आदळतो. कवीला एक कडवं कापायला सांगावं लागतं, तो भांडतो. जाड कागदाचा हट्ट धरला असेल तर पिना मारल्यावर आतली पानं बाहेर डोकावतात आणि कडा कापताना पानांचे आकडेच उडतात. बाइंडर हे पहिल्या दिवसापासून सांगत असतो. त्याला वर्गात बोलवा, मानधन द्या, तासभर बोलू द्या.

आपल्याकडे हे नवं नाही. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या जे.जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतले नावाजलेले. प्रतिकृती लंडनला गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या आगीत जळून गेल्या. १८९६-९७ मध्ये त्या कामावरचे दोन मोठे खंड छापून निघाले, म्हणून मुंबईच्या मुलांचे ते कष्ट लेणी कधीच न पाहिलेल्या माणसांपर्यंत पोचले. खंडांवर लेखक म्हणून नाव मात्र एकट्या ग्रिफिथ्स यांचं आहे. आजच्या अंकात तसं करू नका. रेषा कुणाची, अक्षरजुळणी कुणाची, प्रूफं कुणी तपासली, घड्या कुणी घातल्या, सगळं नावानिशी शेवटच्या पानावर छापा. विभागप्रमुखांचं नाव त्यांनी खरोखर काम केलं असेल तरच घाला.

बडोद्याचं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं. सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये ललित कला विभाग सुरू झाला, इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तिथे चित्रकला शिकवायचे. तिथल्या फाइन आर्ट्स फेअरसाठी शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, भांडी, कार्डं बनवायचे आणि शहरातली माणसं येऊन ती विकत घ्यायची. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा थोर चित्रकार या जत्रेसाठी खेळणी करत होता, लहान मुलांची चित्रपुस्तकं करत होता. त्याच बडोद्यातून १९६९ मध्ये गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी ‘वृश्चिक’ हे छोटं नियतकालिक काढलं आणि १९७३ पर्यंत चालवलं. शेख चित्रकार, कलेचा इतिहास शिकवणारे आणि गुजरातीतले कवी. खख्खर चित्रकार आणि पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. अंकात लिनोकट असायचे, रेखाटनं, कविता, आणि ललित कला अकादमीच्या कारभारावर उघड टीका. पटलं नाही तर छापून सांगायचं, ही सवय त्या अंकाने लावली. आजच्या किती महाविद्यालयांच्या वार्षिकांकात एका ओळीचीही टीका छापली जाते?

मुंबईतही हे घडलं, पण महाविद्यालयाच्या कुंपणाबाहेर. जे.जे.मध्ये शिकलेले आणि जाहिरातीच्या व्यवसायात नाव कमावलेले अरुण कोलटकर यांनी आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या कवींसोबत ‘क्लिअरिंग हाउस’ ही प्रकाशनसंस्था काढली. यातले पटेल डॉक्टर होते, चित्रं काढायचे आणि नाटकंही लिहायचे. कोलटकरांचा ‘जेजुरी’ हा कवितासंग्रह १९७६ मध्ये तिथूनच आला आणि पुस्तकांचं रूप कोलटकरांनी ठरवलं. कवींनी पदरमोड करून जे केलं ते शिक्षणसंस्थांना का जमू नये, याचं पटणारं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आता संधी आहे. २०२३ मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि कला, वास्तुकला, डिझाइन ही तिन्ही नावं एका पाटीवर आली. ही मुलं एकाच आवारात वर्षानुवर्षं शेजारी शेजारी शिकत आली आहेत. त्यांना एकत्र आणायला आणखी एका परिसंवादाची गरज नाही. संध्याकाळनंतर छपाईची खोली उघडी ठेवा. किल्ली कुणाकडे, एवढाच प्रश्न असतो आणि तो एका सहीने सुटतो. आणि अंक निदान अर्धा तरी मराठीत असू द्या. कोल्हापूर, नांदेड, जळगावहून आलेली मुलं आपल्या कामाबद्दल मित्राशी तासभर बोलू शकतात, पण प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात न पेलणाऱ्या इंग्रजीत तीन ओळी लिहून गप्प होतात. त्यांना स्वतःच्या भाषेत लिहू द्या, मग बघा किती सांगायचं असतं त्यांच्याकडे.

पैसे नाहीत, हे कारण ऐकून घेऊ नका. मंडप, फ्लेक्स आणि स्मृतिचिन्हं यांच्या तरतुदीतला निम्मा भाग छपाईकडे वळवा. अंकावर किंमत छापा आणि एकही प्रत फुकट वाटायची नाही, असं पहिल्याच बैठकीत ठरवा. प्रती पुस्तकांच्या दुकानांत ठेवा, प्रदर्शनाच्या दाराशी ठेवा, मुलांनी स्वतः उभं राहून विकू द्या. पैसे मोजलेला माणूस अंक नीट वाचतो, चुका दाखवतो, शाई उमटली नाही म्हणून प्रत बदलून मागतो. त्याच्या तक्रारी लिहून घ्या आणि दुसऱ्या अंकाची बैठक त्या वाचून सुरू करा.