कलेतिहासकार महोदयांस अनावृत पत्र

सन्माननीय महोदय,



पत्रास कारण की, आधुनिक चित्रकलेचा इतिहास आपण आम्हाला इतका सोपा करून दिलात, त्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले होते. अमूर्त चित्राचा जन्म कधी? १९११. जनक कोण? वासिली कांदिन्स्की. पाठोपाठ मोन्द्रियान आणि मालेविच. जननीचा उल्लेख कुठेच नाही. जनकांनी सगळं एकट्यानेच निभावलं.

लंडनच्या जॉर्जियाना हॉटन या आत्म्यांशी बोलणाऱ्या चित्रकार बाईंना आपण अलगद बाजूला ठेवलंत, त्याबद्दल विशेष आभार. १८७१ साली त्यांनी ओल्ड बाँड स्ट्रीटवर स्वतःच्या खर्चाने गॅलरी भाड्याने घेतली आणि १५५ जलरंगचित्रं मांडली. कांदिन्स्की तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. बाईंच्या कित्येक चित्रांत ना देखावा, ना माणूस. धाग्यासारख्या बारीक रेषा एकमेकींत गुंतत, गरगरत वर चढतात आणि खालचा रंग वरच्या रंगातून डोकावत राहतो. कोणत्या आत्म्याने हात धरून चित्र काढवून घेतलं, ते कागदाच्या पाठीवर लिहून ठेवलेलं. त्या प्रदर्शनापायी बाईंचं दिवाळं निघायची वेळ आली. आज त्यांची जी थोडी चित्रं उरली आहेत, त्यांतली बरीचशी मेलबर्नच्या परलोकवाद्यांच्या संस्थेने सांभाळली. आपल्या संग्रहालयांना आपण तेवढीही तोशीस पडू दिली नाहीत.

स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट यांच्या बाबतीत तर आपण कमालच केलीत. स्टॉकहोमच्या शाही कला अकादमीत रीतसर शिकलेली ही चित्रकार. १८९६ पासून चार मैत्रिणींबरोबर ती आत्म्यांना बोलावण्याच्या बैठकांना बसायची. आपल्याकडे प्लँचेटला बसतात तशाच. तिथे मिळालेल्या आज्ञेवरून तिने १९०६ ते १९१५ या काळात एका योजलेल्या मंदिरासाठी १९३ चित्रं काढली. मधली चार वर्षं हे काम थांबलं, कारण आईची दृष्टी गेली होती आणि तिची शुश्रूषा करायची होती. १९०७ ची 'दहा सर्वांत मोठी' ही मालिका आपण पाहिली असेलच. एकेक चित्र तीन मीटरहून उंच. फिकट जांभळ्या आणि नारिंगी पार्श्वभूमीवर फुगत जाणारी पिवळी वर्तुळं, गोगलगायीसारखी वळणं, पाकळ्या आणि मधूनच अक्षरं. बालपणापासून म्हातारपणापर्यंतचं अख्खं आयुष्य, आणि त्यात एकही माणूस नाही. ही चित्रं बघताना माझा ऊर भरून येतो. आपला का येत नाही, हे विचारण्याचा उद्धटपणा मी करणार नाही.

आपण म्हणाल, तिनेच चित्रं लपवली. खरं आहे. मृत्यूनंतर वीस वर्षं दाखवू नका, असं तिने लिहून ठेवलं होतं. ती १९४४ मध्ये गेली, म्हणजे मुदत १९६४ ला संपली. त्यानंतरच्या दिरंगाईचं श्रेय मात्र सर्वस्वी आपलंच. १९७० मध्ये घरच्यांनी हा सगळा ठेवा स्टॉकहोमच्या आधुनिक कलासंग्रहालयाला देऊ केला, तेव्हा आपल्या तिथल्या संचालकांनी नको म्हटलं. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसला चित्रं लागली, तर एका नामवंत समीक्षकांनी लिहिलं की ती बाई नसती तर तिचा एवढा उदोउदो झालाच नसता. बाई असण्याचे असेही लाभ असतात, हे त्यांच्यामुळे कळलं. पुढे २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात अमूर्ततेच्या शोधावर मोठं प्रदर्शन भरलं. त्यात हिल्माचं एकही चित्र नव्हतं.

आपली खरी अडचण मी समजू शकते. ही मंडळी आत्म्यांशी बोलायची, हीच ना? पण महोदय, थिऑसॉफी हा गूढवादी पंथ काढणाऱ्या मादाम ब्लाव्हाट्स्की १८७९ मध्ये मुंबईत उतरल्या, गिरगावात त्यांनी बिऱ्हाड केलं आणि 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक मुंबईतूनच काढलं. त्याच ब्लाव्हाट्स्कींचा उल्लेख कांदिन्स्की आपल्या कलेतील अध्यात्मावरच्या पुस्तकात आदराने करतो. मोन्द्रियान १९०९ मध्ये ब्लाव्हाट्स्कींच्याच थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. हिल्मा त्याच्याही आधी, १९०४ मध्ये. विहीर एकच. पुरुषांच्या घागरीत तिचं पाणी गेलं की आपण त्याला तत्त्वज्ञान म्हणता आणि बायकांच्या घागरीत गेलं की भुताटकी.

२०१८-१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात हिल्माची चित्रं बघायला सहा लाखांहून जास्त लोक आले. आपल्या परवानगीची वाट त्यांनी पाहिली नाही, त्याबद्दल त्यांना उदार अंतःकरणाने क्षमा करावी.

आता एकच विनंती. पुस्तकाची पुढची आवृत्ती काढाल तेव्हा कांदिन्स्कीच्या प्रकरणाआधी १८७१ आणि १९०६ ही दोन प्रकरणं घाला. चौकटीत नकोत, तळटीपेत नकोत आणि 'स्त्री चित्रकार' असं वेगळं परिशिष्ट तर मुळीच नको. आणि या दोघींवरच थांबू नका. स्वित्झर्लंडची एम्मा कुंझ लंबक धरून आलेखाच्या कागदावर रेषा आखायची, लंडनची मॅज गिल कापडावर शाईने काढायची. त्यांच्याबद्दल लिहिण्याआधी त्यांची चित्रं एकदा समोर उभं राहून बघा. आजवर आपण ती न बघताच निकाल दिलात, आणि तो निकाल चुकला आहे.



आपली नम्र,
एक वाचक