दीडशे अक्षरांत ढोल

अमेरिकेत राहणाऱ्या बहिणीचा सप्टेंबरात फोन आला आणि ती नेहमीपेक्षा गोड आवाजात 'दादा, या वेळी दिवाळी इकडेच कर ना' असं म्हणाली, की समजावं घरात बारावीचं मूल आहे आणि त्याचा निबंध अडलाय. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. दोन-तीन दिवाळी अंकांत माझं नाव छापून येतं, तेही अनुक्रमणिकेच्या तळाशी. एवढ्या भांडवलावर बहिणीने न्यू जर्सीत मी मोठा लेखक असल्याची हवा करून ठेवली होती.

भाच्याचं प्रकरण थोडक्यात असं. जीपीए चारपैकी 2.9. रसायनशास्त्रात सी. गणितात कसाबसा बी. आणि उद्योग म्हणाल तर मारुतीचं शेपूट. शाळेच्या नाटकांना लाइट हा लावतो, रविवारच्या मराठी शाळेत चिल्ल्यापिल्ल्यांना बाराखडी हा शिकवतो आणि गणपतीत ढोल वाजवतो. नुसता वाजवत नाही, पथकातल्या पोरांची फौज हाच सांभाळतो. आमचे वडील याला 'नसते उद्योग' म्हणत आणि पुढे काही बोलायच्या आत आम्ही घराबाहेर पडत असू. अमेरिकेत मात्र कॉलेजं या नसत्या उद्योगांची यादी मागतात.

मागतात म्हणजे अगदी रीतसर. तिथे 'कॉमन अ‍ॅप' नावाचा एक सामाईक अर्ज आहे. 1975 साली 15 कॉलेजांनी तो सुरू केला, आज हजाराहून जास्त कॉलेजं तो स्वीकारतात. त्यात उद्योगांसाठी 10 रकाने. प्रत्येकात तुमचा हुद्दा 50 अक्षरांत, संस्थेचं नाव 100 अक्षरांत आणि नेमकं काय केलंत ते 150 अक्षरांत, मधली मोकळी जागा धरून. वर आठवड्याचे तास किती आणि वर्षाचे आठवडे किती, हेही. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींचे तास आम्हाला कोणी असे मांडायला लावले असते, तर अभ्यासाला तास उरलेच कुठे हा प्रश्न घरच्यांना तेव्हाच सुटला असता.

मी तिकडे पोचलो त्या पहिल्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ढोलाचा रकाना उघडला गेला. आमचे मेहुणे आयटीत आहेत आणि पॉवरपॉइंटमध्ये विचार करतात. त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं: 'दक्षिण आशियाई तालवाद्यांच्या माध्यमातून बहुसांस्कृतिक समाजात परिणामकारक नेतृत्व.' बहिणीला त्यात भावना कमी वाटली. तिला 'आजीकडून मिळालेला वारसा' असं हवं होतं.

"कोणती आजी?" मी विचारलं. "आपली आई ढोल वाजायला लागले की रस्त्याकडच्या खिडक्या लावून घ्यायची."

"दादा, तू मदतीला आलायस ना?"

भाचा इतका वेळ पोळीचा तुकडा फिरवत बसला होता. "मामा, मी खरं काय करतो सांगू? मी दोऱ्या ओढतो." मग तो सांगत सुटला. रात्रभर गार पडलेल्या ढोलाचं पान सैल होतं, मग पायाने ढोल दाबून धरून एकेक दोरी ओढायची, कान लावून थाप मारायची, पुन्हा ओढायची. तळहाताची सालं निघतात. नवीन पोरं टिपरू मुठीत आवळून धरतात, त्यांची मनगटं दुसऱ्या दिवशी सुजतात. त्यांना सैल धरायला शिकवायचं. मिरवणूक संपली की सगळे मोदकांकडे पळतात, तेव्हा भाड्याच्या ट्रकमध्ये ढोल चढवायला शेवटी चारच जण उरतात. त्या चारांत हा दर वर्षी असतो.

मी म्हटलं, हेच लिही. त्याने मोजलं. 412 अक्षरं झाली. कापत कापत 150 वर आणेपर्यंत मोदक गेले, मनगटं गेली, ट्रक मात्र राहिला. मेहुणे म्हणाले, "ट्रक कशाला? हमालीचं काम वाटेल." पण भाच्याने ट्रकला हात लावू दिला नाही.

आता लेखक म्हणून बोलावलंच आहे तर थोडा अभ्यास करावा म्हणून मी बहिणीच्या गावच्या वाचनालयात बसलो. तिथे कळलं ते फार करमणुकीचं होतं. नुसत्या परीक्षेच्या गुणांवर प्रवेश द्यायचे तेव्हा 1920च्या सुमारास हार्वर्डच्या अध्यक्षांना वर्गात ज्यू मुलं फार झाल्याची काळजी वाटू लागली. गुणांच्या वाटेने अडवता येईनात, मग अर्जात 'चारित्र्य' आलं, 'व्यक्तिमत्त्व' आलं, घराण्याची चौकशी आली. आपण ज्याला सर्वांगीण विकास म्हणून टाळ्या वाजवतो त्याचा जन्म दार उघडायला नव्हे, लावायला झाला होता. पुढे 2018 साली हार्वर्डवर खटला उभा राहिला तेव्हा आतला कारभार चव्हाट्यावर आला. अभ्यास, उद्योग, खेळ आणि स्वभाव यांना वेगवेगळे शेरे, आकड्यांत. स्वभावाला आकडा! आमच्या सोसायटीत ही पद्धत आणली तर सेक्रेटरीला काय मिळेल, या विचारात माझा अर्धा तास छान गेला.

खेळाची गोष्ट तर त्याहून न्यारी. कॉलेजच्या संघासाठी प्रशिक्षकाने निवडलेला खेळाडू असेल तर थोडे कमी गुण चालवून घेतात. पण खेळ कोणते? नौकानयन, तलवारबाजी, स्क्वॉश. 2019 साली यातूनच मोठा घोटाळा उघडकीला आला. श्रीमंत आईबापांनी लाखो डॉलर मोजून मुलांना खोटे खेळाडू ठरवलं होतं. कुणाचा चेहरा खऱ्या खेळाडूच्या फोटोवर चिकटवला, तर वल्हं कधी न धरलेल्या मुलींना व्यायामाच्या यंत्रावर बसवून नाविक म्हणून फोटो काढले. आपल्याकडे दहावीला इंटरमिजिएटच्या चित्रकलेत ए ग्रेड असेल तर 7 गुण वाढवून मिळतात. त्यासाठी निदान पोराला स्वतः बसून वस्तुचित्रातली किटली तरी काढावी लागते.

आणि मग मूळ मुद्दा. वाचनालयात प्रवेश-मार्गदर्शनाला बसणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला मी भीत भीत विचारलं की कच्चे गुण या उद्योगांनी भरून निघतात का. बाई हसल्या. हार्वर्डसारख्या ठिकाणी 100 अर्जांतले 96 परत जातात, आणि परत गेलेल्यांतही उत्तम गुणवाले भरपूर. गुणांची चाळणी झाल्यावर जे उरतात, त्यांच्यात निवड करायला उद्योग बघतात. म्हणजे उद्योग हे गुणांच्या जागी नाहीत, गुणांच्या डोक्यावर आहेत. ही साधी गोष्ट घरोघरच्या मेहुण्यांना कोणी सांगत नाही, कारण न सांगण्याचेच पैसे घेणारे सल्लागार बाहेर बसलेले आहेत. बाईंनी दुसरीही गोष्ट सांगितली, ती घरी कोणाला ऐकायची नव्हती. अमेरिकेतली बहुसंख्य कॉलेजं अर्ज करणाऱ्यांतल्या बहुसंख्य मुलांना घेतात. पण त्यांची नावं भिशीत सांगता येत नाहीत.

मला मात्र वेगळंच खटकत होतं. रसायनशास्त्रातला सी काही आकाशातून पडला नव्हता. नाटकाच्या शेवटच्या आठवड्यात हा रात्री दहापर्यंत शिडीवर दिवे बांधत होता आणि सकाळी मोल मोजायला बसत होता. गुण खाल्ले कोणी, तर याच उद्योगांनी. आता चोराकडूनच भरपाई मागायची आणि चोरी झाली हे कुठे लिहायचं नाही, असा तो सगळा मामला.

निबंधाला 650 शब्द. मेहुण्यांना कळलं होतं की चांगल्या निबंधात कोणीतरी वारावं लागतं. कोथरूडचे आबा, म्हणजे त्यांचेच वडील, रोज वेताळ टेकडी चढतात. तरीही त्यांच्याकडे एक आशाळभूत दृष्टी टाकून झाली. स्टॅनफर्डला होणाऱ्या रूममेटला पत्र लिहून पाठवायचं होतं. शिकागो विद्यापीठाने तर एका वर्षी विषय दिला होता, 'क्ष शोधा'. हे ऐकून भाचा पहिल्यांदा खुलला. आयुष्यभर क्षने त्याला छळलं, आणि हे लोक म्हणतात कुठेही शोध. त्याने शोधलाही: नाटकात ऐन प्रसंगी जो दिवा लागत नाही तो क्ष, आणि तो कुठल्या वायरीत अडकलाय हे अंधारात, खाली संवाद चालू असताना, हाताने चाचपत शोधणं. शिडीवरून त्याला नायिकेचं डोकं दिसतं, चेहरा कधीच नाही, असंही एक वाक्य होतं. मी एक स्वल्पविराम काढला आणि लेखकपणाची लाज राखली. बहिणीने विचारलं, "यात सी ग्रेडचं काय?" भाचा म्हणाला, "आहे की. रात्री दहा वाजले असं लिहिलंय."

मार्चअखेर निकाल आले. मोठ्या नावांनी सभ्य भाषेत नाही म्हटलं. इंग्रजीत नकार देण्याइतकं गोड त्यांना दुसरं काही येत नसावं. एका सरकारी विद्यापीठाच्या नाट्यविभागाने त्याला घेतला, प्रकाशयोजना शिकायला. मेहुण्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर 'लाइटिंग इंजिनिअरिंग' असं टाकलं.

पण तिथल्या मराठी मंडळात बातमी फिरली ती वेगळीच: ढोलामुळे नंबर लागला. त्या जुलैत पथकाच्या पहिल्या सरावाला चारपैकी चार जीपीएवाल्या मुलांना घेऊन आईबाप हजर. एका बापाने वही उघडून विचारलं, आठवड्याला किती तास धरायचे? एका आईने विचारलं, "सर्टिफिकेट देता ना? आणि व्हाइस प्रेसिडेंटची जागा रिकामी आहे का?" भाच्याने शांतपणे ट्रकची फळी पाडली आणि म्हणाला, "काकू, आधी ढोल खाली उतरवायचेत."

त्याने व्हिडिओ कॉल लावून मला दाखवलं. बाप एका बाजूने, टॉपर दुसऱ्या बाजूने, मध्ये ढोल, आणि काकू मागून ओरडत होत्या, "अरे, त्याला उद्या एसएटीची सराव परीक्षा आहे, पाठ सांभाळ!"