सेवेचा हंगाम

जून-जुलैत ऑस्ट्रेलियात थंडी पडली की तिथल्या काही शाळांना समाजसेवेचा उमाळा येतो. गरजू माणसं नेमकी फिजीत सापडतात. तिथे तेव्हा पाऊस कमी आणि समुद्र निळाशार. मुलं गावच्या शाळेची भिंत रंगवतात, करवंटीतून 'कावा' हे तिथलं पेय पितात, पोराटोरांना कडेवर घेऊन फोटो काढतात आणि शेवटी रिसॉर्टवर 'चिंतन' करतात. आता, भिंत रंगवायला गावात माणसं नाहीत का? होती की! त्यातली कितीतरी 'पाम' या पॅसिफिक बेटांवरच्या मजुरांसाठीच्या योजनेतून ऑस्ट्रेलियातच फळं तोडायला आणि मांस कारखान्यांत राबायला गेली आहेत. पैसे मोजून राबायला येतो तो सेवाभावी, पैशांसाठी राबायला जातो तो हंगामी मजूर. प्रमाणपत्र अर्थात पहिल्यालाच.